ठमीच्या पाठीवर पहिला माणूस

कडाव
१४ ऑक्टोबर २०२४

कोंडाजी भावजी,

खुशाली इचारत नाय. दत्ता टेंपोवाला सांगतो, टेंपो थांबतो त्या दस्तुरी नाक्यावर गवत उतरवताना तुमी त्याला अजून शिव्या घालता, म्हंजे तब्येत ठणठणीत हाय. फोन केला असता, पण मागच्या येळी मी अर्धा तास बोंबलले आणि तुमी म्हणालात, "कोण? बँकेतनं बोलता?" शेजारची वनिता धावत आली, म्हणाली, "काकी, कोण गेलं?" तवाच ठरवलं, तुमच्या कानाला लांबनं हात जोडायचे आणि कागदावर लिहायचं. चौथीच्या बाई म्हणायच्या, सोने, तुझं अक्षर म्हंजे चिखलातनं कोंबडी गेली. आता बसा ती कोंबडी हुडकत.

काम ठमी घोडीचं हाय. काल जितेश आलेला, तोच, खळ्यापलीकडचा, बैलांचा लई जाणकार. आल्या आल्या ठमीचं तोंड उघडून दात मोजले. म्हणतो, "काकी, चार दात पालटले की हिचे! चौसा झाली. चौसा बैल आमी नांगराला धरतो. बसू काय?" आणि एक पाय ओट्यावर टाकून तयार. मी म्हटलं, "बस रं बाबा. पण आधी बायकोला फोन करून इचार, उद्यापास्नं तुला घास भरवायला तिला येळ हाय का." पाय खाली घेतला त्यानं.

पण मनात किडा सोडून गेला. तुमी आणि तुमच्या दादानं ह्याच ओट्यावर हातावर हात मारून ठरवलेलं. लॉकडाऊनमधी वर पावणे नव्हते, तुमच्या लाडी घोडीला घालायला कोंडा नव्हता, म्हणून गाभण लाडी आमच्याकडं उतरवली. शिंगरू झालं, लाडी परत वर गेली, शिंगरू इथं राह्यलं. पाठीवर पहिला माणूस बसंपर्यंत ते आमचं, बसला की तुमचं. तुमचा दादा तर सहा महिन्यांत देवाघरी निघून गेला, बोलणं मागं राह्यलं. आता साडेतीन वरसांची झाली. बसायचं कवा, ते तुमीच सांगा.

आणि स्वप्नील पण इचारतो. पोरानं पनवेलला घर घेतलं, सातव्या मजल्यावर. माझी खोली रंगवून ठेवलीय म्हणे, गुलाबी. जशी काय मी न्हाती-धुती व्हायची बाकी हाय. ह्या घराला गिऱ्हाईक पण बघितलंय त्यानं. मी म्हटलं, घोडी टाकून कशी येऊ? तर म्हणाला, "बरं, घोडी काकांकडं गेली की ये." मी हो म्हटलं. सून श्रद्धा गुणाची हाय, तिचं काय नाय. पण त्या खिडकीतनं मी खाली बघितलं तर गाय उंदराएवढी दिसली. उगाच सांगितलं.

लाडीसाठी चार पेंढ्या जास्त धाडल्यात.

सोनावयनी

*

माथेरान
२० ऑक्टोबर २०२४

वयनी,

जितेशला सांगा घोडी म्हंजे बैल नव्हे. बैल खांद्यानं वढतो. घोडी पाठीवर घेते. चार दातांचा बैल उभा राहतो. चार दातांच्या घोडीची पाठ अजून वाफ्यातल्या रोपासारखी. सगळ्यात शेवटी पाठच पिकते. लवकर बसलात तर ती काय बोलत नाय. दोन वरसांनी बोलते. तवा पाठीची झोळी झालेली असते. मग जल्मभर ती झोळी आणि वर हौशी माणूस.

दात मोजायचे नायत. दोरी घ्या. घोडी सपाट जागी उभी करा, चारी पाय सरळ. जमिनीपासून मानेच्या बुडाला जो उंचवटा असतो तिथवर दोरी धरून एक गाठ मारा. त्याच दोरीनं जमिनीपासून मागं पुठ्ठ्याच्या उंच जागेवर दुसरी गाठ मारा. वाढतं जनावर मागनं उंच असतं. पुठ्ठ्याची गाठ वर असंल तर बसायचं नाय. दोन्ही गाठी एकीवर एक आल्या, नायतर पुढची वर गेली, की घोडी तयार.

दोरी पाठवा. दत्ताकडं निरोप देऊ नका, तो ओठ हलवतो आणि मला कायपण कळतं. दोरी पाठवा, मी हातानं बघीन.

लाडी बरी हाय. जरा खाणं कमी केलंय. दिवाळीच्या गर्दीत सावरंल. घोडेवाल्यांच्या रांगेत माझा एकोणचाळीस नंबर कायम हाय.

गवत चांगलं होतं. बँकेतनं खरंच फोन येतात.

कोंडाजी

*

कडाव
१८ नोव्हेंबर २०२४

भावजी,

दोरी सोबत हाय. खोबरेल लावून नीट गुंडाळलीय, वाटेत दत्तानं ताडपत्रीला बांधली नसंल तर तुमच्या हाती पडंल.

काय सोहळा झाला म्हणून सांगू! भात काढून झालेलं, रान मोकळं, तिथं ठमीला उभी केली. वनिता पुढनं तोंड धरून, मी दोरी घेऊन. चारी पाय सरळ ठेवा म्हणता तुमी. एक सरळ केला की दुसरा वाकडा. मी म्हटलं, बये, तुझं लग्न जमवत नाय, नुसती उंची बघते. तर शेपटी मारली तोंडावर. वनिता हसून हसून खाली बसली.

गाठी बघा. पुठ्ठ्याची गाठ तीन बोटं वर हाय. मला काय कळतं, मी आपली अडाणी बाई. दोरी सांगंल ते खरं.

दिवाळीला स्वप्नील आलेला. फराळ कमी खाल्ला आणि घर जास्त मोजलं. सोबत ते घराचं गिऱ्हाईक, काळ्या चष्म्यावाला, मुंबईचा. तो ओट्यावर उभा राहून म्हणतो, इथं पोहायचा तलाव छान होईल. मी म्हटलं, व्हईल की, पावसाळ्यात फुकट होतो. स्वप्नीलनं डोळे वटारले. मग इचारलं, "आई, काकांचं काय आलं?" मी म्हटलं, दोरी जाऊदे वर, मग बघू.

लाडीचं खाणं सुधारलं का? दिवाळीला गर्दी लई होती म्हणे. दोन पेंढ्या आणि थोडे चणे धाडलेत. चणे लाडीचे हायत, तुमचे दात आधीच थोडे.

सोनावयनी

*

माथेरान
२७ नोव्हेंबर २०२४

वयनी,

दोरी मिळाली. तीनदा हात फिरवला. तीन बोटं लई झाली. मला वाटलेलं बोटभर असंल नायतर नसंल. लाडी साडेतीनला सरळ झालेली. पोर बापावर गेली असणार. थांबायचं. शिमग्याला परत दोरी.

तवर रिकामी ठेवू नका. सकाळी पाठीवर रिकामं पोतं टाका. आठ दिवसांनी त्यात पायलीभर कोंडा. मग वाढवा. पोटाखालचा तंग आवळताना कानाकडं बघा. कान मागं गेले की सोडून द्या, उद्या बघायचं. मारायचं नाय. आणि वयनी, तुमची खोड मला ठावूक हाय. तुमी बसायचं नाय.

पेंढ्या पोचल्या. लाडी मजेत.

कोंडाजी

*

कडाव
१० मार्च २०२५

भावजी,

शिमगा आला, दोरी घ्या. ह्या येळी दोन बोटं राह्यलीत. वाढ हाय म्हणायची, पण गोगलगाईची.

ठमी पोत्याला सरावली. भरलं पोतं घेऊन गणपतीच्या देवळापर्यंत जाते, परत येते. वाटेत बायका इचारतात, "सोनाबाय, काय इकायला चाललीस?" मी म्हणते, "अगं कोंडाच हाय, वरचे कोंडाजी यायचेत अजून." हसताना एकीची पाटी पडली डोक्यावरची.

स्वप्नीलचा दर रविवारी फोन. "आई, काकांचं काय?" मागं तुमचं पत्र वाचून दाखवलं, ह्या खेपेला म्हटलं अजून दोन बोटं. तो वैतागला. "दोन बोटांनी काय होतंय गं?" मी म्हटलं, "तुझ्या बापानं लग्नात दोन बोटं लहान टोपी घातली. सगळं लग्न डोकं धरून काढलं. अजून फोटोत बघ."  पण मस्करीवर किती दिवस निभणार? काळ्या चष्म्यावाल्यानं आता जूनपर्यंत सांग म्हटलंय त्याला. फोन ठेवला की मी गोठ्यात जाऊन ठमीच्या मानेवर डोकं टेकते. तिला वाटतं मी चणे लपवलेत. हुंगते, ढकलते. तिचा धर्म एकच, चणा.

तुमची पत्रं आखडत चाललीत. मागच्या खेपेला लाडीवर एक ओळ. सवतीमत्सर करत नाय मी, दोन ओळी लिहा.

सोनावयनी

*

माथेरान
२२ मार्च २०२५

वयनी,

दोन बोटं म्हंजे नाय. आता दिवाळीपर्यंत थांबा. मधी इचारू नका.

नाक्यावर लोक हसले. म्हणाले, कोंडाजी, चार वरसांची घोडी कच्ची कशी? आण वर, आमी बघतो. मी खिशातनं दोरी काढून दाखवली. म्हटलं, माणूस खोटं बोलंल, दोरी बोलत नाय. कच्ची पाठ मी मोडणार नाय, माझं काय व्हायचं ते होऊदे.

स्वप्नीलला राग येऊ देऊ नका. पोर चांगलं हाय.

लाडीची काळजी नको. गवत खाते.

कोंडाजी

*

कडाव
१९ मे २०२५

भावजी,

आज मस्करी नाय.

दत्ता काल परत आला आणि टेंपोतच बसून राह्यला. मी म्हटलं, काय रं, चाक पंक्चर की तोंड? तर म्हणाला, "काकी, मी कोंडाजीकाकांना बघितलं. डोक्यावर दोन बॅगा, खांद्याला एक. पावण्यांचं सामान घेऊन चढत होते. मला बघितलं तशा बॅगा खाली ठेवल्या आणि म्हणाले, 'आण, लाडीचं गवत आण.' मग त्या पेंढ्या उचलून दुसऱ्याच्याच घोड्यापुढं टाकल्या." त्यानं बाकीच्या घोडेवाल्यांना इचारलं. लाडी दिवाळीच्या पाडव्याला गेली. पाडव्याला!

म्हंजे मी तुमच्या दातांची मस्करी लिहिली, चणे धाडले, तवा ती जाऊन पंधरा दिवस झालेले. आणि तुमी लिहिता मजेत हाय. गवत खाते. भावजी, सहा महिने तुमी मेलेल्या घोडीला गवत भरवलंत.

मला रागवायचा हक्क नाय. का नाय ते आता लिहिते. कोंबडी आज पायानं लंगडी हाय, सांभाळून घ्या.

नोव्हेंबरात दोरी लावली तवा पुढची गाठ आणि मागची गाठ एकीवर एक आलेली. सरळ. वनितानं पण बघितलं. मी तिला पाणी आणायला धाडलं आणि पुठ्ठ्याची गाठ सोडून तीन बोटं वर मारली. शिमग्याला तर पुढची गाठच वर गेलेली. मी दोन बोटं म्हटलं, तीन म्हटलं असतं तर तुमाला संशय आला असता. बघा किती इचार केलाय पापाचा.

ठमी तयार म्हंजे ठमी वर. ठमी वर म्हंजे मी सातव्या मजल्यावर. पोराला मीच तोंडानं हो म्हटलेलं. मग म्हटलं, कोंडाजी भावजीकडं लाडी हाय, त्यांचं भागतंय, एक वरीस ठमी राह्यली तर त्यांचं काय जातंय? एवढंच मनाला सांगितलं आणि गाठ मारली.

अजून एक हाय. दोरीला फसवलं, पण घोडीला फसवायला जमंना. तयार जनावर नुसतं पोतं वाहून कंटाळतं, तुमीच म्हणायचे. शिमगा झाला आणि एका सकाळी तुमच्या दादाची जुनी पँट घातली, वर दोरीनं बांधली, बांधावर चढले आणि बसले. मी. बासष्ट वरसांची, सहासष्ट किलोची. ठमीनं कान मागं नाय टाकले. वळून माझा गुडघा हुंगला आणि चालायला लागली. त्या दिवसापासनं रोज सकाळी बसते, तासभर. पाठ पक्की हाय, भावजी. दगडासारखी नाय, फळीसारखी, जरा लवते आणि सांभाळते.

म्हंजे ठरल्याप्रमाणं ती शिमग्यापासनं तुमची हाय. मी तुमचं जनावर दोन महिने चोरून ठेवलंय आणि तुमी डोक्यावर बॅगा वाहताय.

दत्ता गुरुवारी मोकळा हाय. त्याच्या टेंपोतनं ठमीला नाक्यापर्यंत आणते. तुमी फक्त नाक्यावर या. पुढचं माझं मी बघीन, रंग गुलाबीच हाय, डोळ्याला त्रास नाय व्हायचा.

सोना

*

माथेरान
१९ मे २०२५

वयनी,

दत्ता खाली येतोय तर त्याच्याकडं हे देतो. एक गोष्ट तुमच्यापासनं लपवली. आता लपवून उपयोग नाय.

लाडी गेली. पाडव्याच्या सकाळी. पोटात शूळ उठला, दुपारपर्यंत फिरवली, मग बसली. आमच्यातला एक घोडेवाला काय सांगत होता, मला ऐकू आलं नाय, लाडीच्या डोळ्यांतनंच कळलं.

तुमाला सांगितलं नाय. कारण तुमी रागीट तोंडाच्या पण मनानं मऊ. मी घोडीविना राह्यलोय कळलं असतं तर तुमी ठमीला तशीच कच्ची वर धाडली असती. आणि मीपण घेतली असती. गरज लागली की माणसाला कच्चं पिकलेलं दिसतं. म्हणून म्हटलं, दोरीशिवाय कुणाचं ऐकायचं नाय, माझंपण नाय.

आमच्यात घोडा मेला तर सहा महिने रांगेतला नंबर राखतात. तेवढ्यात दुसरा उभा केला पायजे. सहा महिने ह्या महिन्याच्या दोन तारखेला भरले. पंधरा दिवस लोकांनी वाट बघितली, चांगले हायत. काल एकोणचाळीस नंबर दुसऱ्याला दिला. मीच माझ्या हातानं बिल्ला काढून दिला.

त्यामुळं आता कसली घाई नाय. ठमीची पाठ पाच वरसं पिकूदे. तुमी तिला जपलीत, बरं झालं. तेवढं एक बरं झालं.

कोंडाजी

*

कडाव
२० मे २०२५

भावजी,

दत्ता एकाच खेपेत माझं वर घेऊन गेला आणि तुमचं खाली घेऊन आला. मधी कुठं दत्ताच्या हातात दोन कागद एकमेकांना घासले असतील, पण बोलले नाय.

माझं तुमी वाचलं नसंल तर फाडून टाका. वाचलं असंल तर काय बोलायचं ते बोला. शिव्या द्या. तुमाला चांगल्या येतात.

गुरुवारी आणू का ठमीला? नंबर गेला तर आणून काय करू? आणली तर तुमी तिला बांधणार कुठं? नाय आणली तर मी जिंकले असं व्हईल. असलं जिंकणं मी मागितलं नव्हतं. मागितलं होतं म्हणा. पण असं नाय.

दत्ता दारात हॉर्न मारतोय.

सोना

*

माथेरान
१२ जून २०२५

वयनी,

वाचलं. तीन आठवडे उत्तर दिलं नाय कारण शिव्या लिहिता येत नायत, हात जोरात दाबला की कागद फाटतो.

कान गेल्यापासनं माणसाचं बोलणं माझ्यात शिरत नाय. लोक ओठ हलवतात, मी मान हलवतो. जनावरावर आणि कागदावर तेवढा भरवसा ठेवला होता. त्यातला एक तुमी घेतलात. मी ती दोरी चारचौघांत दाखवली. खिशात ठेवून फिरलो. सहा महिने रात्री झोपताना हात लावून बघायचो, किती राह्यलं. हे तुमाला कळावं म्हणून लिहिलं. आता परत लिहिणार नाय.

तुमी बसलात म्हणता. मी नको म्हटलं होतं तरी बसलात. मग ठरल्याप्रमाणं घोडी माझी. शिमग्यापासनं.

वर आणायची नाय. नंबर नसलेल्या घोड्याला इथं उभं राहायला जागा नाय. मी दुसऱ्याच्या तबेल्यात झोपतो, तिथं पाच घोडे आणि मी सहावा. कधी न्यायची ते मी ठरवीन. तोवर माझं जनावर तुमी सांभाळायचं. फसवलंत त्याची ही शिक्षा. रोज फिरवायची. तासभर, जास्त नाय. खूर महिन्याला कापून घ्यायचे. चणे भिजवून. एक दिवस चुकवायचा नाय.

सोबत स्वप्नीलला कागद हाय. तुमी त्यात अक्षर घालायचं नाय.

कोंडाजी

*

(सोबतचा कागद)

चि. स्वप्नील,

कोंडाजीकाकाचा आशीर्वाद. तुला सांगायचं की ठमी घोडी आता माझी झाली. तुझ्या बापाचं आणि माझं तसं बोलणं झालेलं. माझी अडचण हाय म्हणून ती तुझ्या आईच्या हाती ठेवली हाय. ती दुसऱ्याच्या हातानं तंग बांधून घेत नाय.

मी स्वतः न्यायला येईन. मी येईपर्यंत तुझ्या आईला तिथनं हलवू नये. गोठा पाडू नये. तळं खणू नये. बापाच्या शब्दाचं एवढं राख.

मी कधी येईन ते आईला इचारू नको. तिला माहीत नाय.

तुझा काका,
कोंडाजी

*

कडाव
३० जून २०२५

भावजी,

कागद स्वप्नीलला दिला. त्यात अक्षर घातलं नाय. पाकिटावर बोटाचा शेणाचा डाग पडला तेवढा माझा.

रविवारी स्वप्नील आणि श्रद्धा दोघं आलेली. त्यानं ओट्यावर बसून वाचला, घडी केली, परत उघडून वाचला. लहानपणी पाढा चुकला की असाच बसायचा. मग म्हणाला, "काका येणार कधी?" मी म्हटलं, लिहिलंय ना, मला इचारू नको म्हणून. उठून गोठ्यात गेला. ठमीसमोर उभा राह्यला. तिनं त्याचा खिसा हुंगला, रुमाल वढून काढला. बाहेर आला आणि काळ्या चष्म्यावाल्याला फोन लावला. "काकांचं जनावर हाय घरात. ते येईपर्यंत काय करता येत नाय." पोर बापावर गेलं, भावजी. शब्द मोडत नाय. मी कुणावर गेले देव जाणे.

शिक्षा भोगतेय. सकाळी उठते, चणे भिजलेले असतात. पाऊस असंल तर घोंगडं घेते. नदीकाठच्या वाटेनं जाते, तासभर. ठमी आता चालता चालता चाल बदलते, हाक मारायला लागत नाय, मी नुसतं अंग पुढं केलं की कळतं. हे तुमी बघायला पायजे होतं. बघितल्याशिवाय कुणी सांगून कळायचं नाय, आणि तुमाला तर ऐकून नायच. दुसऱ्या कुणाला दाखवू? जितेशला? तो तोंड उघडून दात मोजायचा.

गोठ्यात आता मी तिच्या मानेवर डोकं टेकत नाय. परक्याचं जनावर हाय.

त्याच दुपारी श्रद्धा म्हणाली, "आई, पावसात वर कोण पर्यटक येतात? काकांना चार दिवस बोलवा की. तुमच्या हातचं खातील, घोडी बघतील." बरोबर हाय तिचं. मी लगेच कागद घेतला. लिहिलं, भावजी, या. पुढं लिहायच्या आधी वर बघितलं तर स्वप्नील दारात उभा.  नुसता कागदाकडं बघत होता. आणि मला कळलं. तुमी आलात म्हंजे न्यायला आलात. तुमी कितीपण सांगा मी पावणा म्हणून आलोय, तुमी दिलेला शब्दच तुमाला इथं पाय ठेवू देणार नाय. तुमी पायरी चढलात की ठमी निघाली, आणि तिच्या मागं मी.

तो कागद चुलीत गेला. हा दुसरा हाय. यात बोलावणं नाय.

दत्ताबरोबर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट धाडलीय. भाकऱ्या फडक्यात हायत, गरम असतानाच बांधल्यात. बॅग एकच उचला, दोन नको. पाय निसरड्यावर जपून टाका, लाल माती लई वाईट. भाकऱ्या घ्यायला नाक्यापर्यंत या.

नाक्याच्या खाली उतरू नका.

सोनावयनी